अर्थ पाठ आहे, मग वाक्य का चुकतं?

‘खालील शब्दांचा वाक्यात उपयोग करा.’ इंग्रजी शिकणाऱ्या प्रत्येकाने हा प्रश्न सोडवलेला असतो, आणि बहुतेकांनी तो एकाच युक्तीने सोडवलेला असतो. शब्द ‘रिलक्टंट’ असेल तर ‘ही इज रिलक्टंट’ लिहायचं, ‘डिलेमा’ असेल तर ‘धिस इज अ डिलेमा’. व्याकरण बरोबर, स्पेलिंग बरोबर, गुणही मिळतात. पण लिहिणाऱ्याला तो शब्द खरोखर वापरता येतो का, हे त्या वाक्यावरून कुणालाच सांगता येणार नाही. ‘ही इज’च्या पुढे टॉल, हॅपी, टायर्ड, काहीही बसतं.

यावर एक सोपी कसोटी आहे. वाक्य लिहून झालं की त्या शब्दावर बोट ठेवायचं आणि उरलेलं वाक्य वाचायचं. झाकलेला शब्द कोणता असेल याचा अंदाज बाकीच्या वाक्यावरून बांधता आला, तर शब्द नीट वापरला गेला. ‘शी वॉज रिलक्टंट टु लेंड हिम द कॅमेरा बिकॉज ही हॅड ब्रोकन द लास्ट वन.’ आधीचा कॅमेरा त्याने मोडलाय, म्हणून नवा द्यायला ती राजी नाही. इथे ‘रिलक्टंट’ झाकला तरी तिथे ‘हॅपी’ बसत नाही, ‘टॉल’ तर नाहीच. आणखी एक गोष्ट या वाक्यात दिसते, जी ‘ही इज रिलक्टंट’मध्ये लपून राहते. ‘रिलक्टंट’च्या पुढे ‘टु’ आणि क्रियापदाचं मूळ रूप येतं. तिथे ‘रिलक्टंट फॉर लेंडिंग’ चालत नाही.

सगळी गोम इथेच आहे. शब्दाचा अर्थ म्हणजे निम्मं ज्ञान. उरलेलं निम्मं त्या शब्दाच्या चौकटीत असतं: त्याच्या पुढे काय येतं, मागे काय येतं, कुठले शब्द त्याच्या सोबत वावरतात आणि कुठल्या प्रसंगी तो शोभतो. आपण वहीत ‘रिलक्टंट म्हणजे नाखूश’ एवढंच लिहितो. मग वाक्य करायची वेळ आली की चौकट मराठीतून उचलतो आणि तिच्यात इंग्रजी शब्द बसवतो. चुका बहुतेक तिथेच होतात.

हे दुखणं फक्त आपलं नाही. जपानमध्ये इंग्रजी शिकवणाऱ्या ए. एस. हॉर्नबी यांना आपल्या विद्यार्थ्यांच्या बाबतीत नेमकं हेच दिसलं होतं. इंग्रजी मातृभाषा असलेल्यांसाठी केलेले शब्दकोश या विद्यार्थ्यांना अर्थ सांगत, पण वाक्य कसं बांधायचं ते सांगत नसत. हॉर्नबी आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी मग परक्या शिकणाऱ्यांसाठीच एक शब्दकोश तयार केला. तो १९४२ मध्ये टोकियोत निघाला आणि १९४८ मध्ये ऑक्सफर्डने तो आपल्याकडून प्रसिद्ध केला. त्याचं मोठं वैशिष्ट्य म्हणजे प्रत्येक क्रियापद कोणत्या साच्यात चालतं, हे त्यात खुणांनी दाखवलं होतं. आज ज्याला लर्नर्स डिक्शनरी म्हणतात, त्या प्रकाराची ही एक सुरुवात होती. गंमत म्हणजे आजही आपल्यापैकी बरेच जण असा शब्दकोश उघडतात, अर्थ वाचतात आणि त्या खुणा न पाहताच तो मिटतात.

क्रियापदांपासून सुरुवात करू, कारण वाक्याचा सांगाडा तीच ठरवतात. मराठीत आपण एखाद्या विषयावर किंवा विषयाबद्दल चर्चा करतो. त्यातला ‘बद्दल’ इंग्रजीत नेला की ‘वी डिस्कस्ड अबाउट द प्लॅन’ तयार होतं. पण ‘डिस्कस’ला थेट कर्म लागतं: ‘वी डिस्कस्ड द प्लॅन’. ‘टॉक’ला मात्र ‘अबाउट’ हवं. ‘डिस्कस’चं नाम केलं की ‘अ डिस्कशन अबाउट द प्लॅन’मध्ये तेच ‘अबाउट’ पुन्हा हजर होतं. म्हणजे एकाच घराण्यातल्या क्रियापदाची आणि नामाची चौकटही सारखी नसते. ‘एक्सप्लेन’चंही असंच. ‘मला समजावून सांगा’वरून ‘एक्सप्लेन मी’ सहज तोंडात येतं, कारण ‘टेल मी’ चालतं. पण बरोबर रचना आहे ‘एक्सप्लेन इट टु मी’.

इथे कुणी म्हणेल, अर्थ नीट समजला की रचना आपोआप कळेल. तसं होत नाही, आणि याचा उत्तम पुरावा ‘ॲडव्हाइज’ आणि ‘सजेस्ट’ ही जोडी देते. एकाचा अर्थ सल्ला देणे, दुसऱ्याचा सुचवणे. दोन्ही अगदी शेजारशेजारचे. तरी ‘ही ॲडव्हाइज्ड मी टु वेट’ बरोबर आणि ‘ही सजेस्टेड मी टु वेट’ चूक. ‘सजेस्ट’ला ‘ही सजेस्टेड वेटिंग’ किंवा ‘ही सजेस्टेड दॅट आय वेट’ असं लागतं. अर्थावर कितीही विचार केला तरी हा फरक त्यातून निघत नाही. तो त्या त्या शब्दासोबतच शिकावा लागतो.

एक शब्द जरा जवळून पाहू: ‘प्रिव्हेंट’. वहीतला अर्थ, रोखणे. मराठीत पाऊस आपल्याला जाण्यापासून रोखतो, आणि या एका ठिकाणी मराठी आपल्याला मदत करते, कारण इंग्रजीतही ‘पासून’साठी ‘फ्रॉम’ आहे: ‘द रेन प्रिव्हेंटेड अस फ्रॉम गोइंग’. तरीही विद्यार्थी ‘प्रिव्हेंटेड अस टु गो’ लिहितात, कारण इतर अनेक क्रियापदांनंतर ‘टु’ पाहून हाताला तीच सवय लागलेली असते. ब्रिटिश इंग्रजीत कधी ‘फ्रॉम’ गाळून ‘प्रिव्हेंटेड अस गोइंग’ म्हणतात, पण ‘टु’ कुठेच लागत नाही. ही झाली चौकट. आता सोबती. ‘प्रिव्हेंट’च्या पुढे कर्म म्हणून काय येतं? ॲक्सिडेंट, डिसीज, डॅमेज, क्राइम, वॉर. सगळ्या नकोशा गोष्टी, आणि सगळ्या अजून घडायच्या असलेल्या. म्हणून चालत्या गाडीला हात दाखवून थांबवायचं असेल तर तिथे ‘प्रिव्हेंट’ येत नाही, ‘स्टॉप’ येतो. सुरू झालेलं भांडणही ‘स्टॉप’ करतात; ते सुरूच होऊ नये म्हणून आधी काही केलं, तर ‘प्रिव्हेंट’. आणि शेजारचा ‘अव्हॉइड’ तपासला तर दिसतं की तिथे माणूस स्वतःला त्या गोष्टीपासून दूर ठेवतो: ‘शी अव्हॉइडेड मेकिंग आय काँटॅक्ट’. ‘रोखणे’ या एका मराठी शब्दाने यातलं काहीच सांगितलं नव्हतं. एवढं पाहायला शब्दकोशात पाचएक मिनिटं जातात, आणि नंतर हा शब्द सहसा दगा देत नाही.

क्रियापदांच्या बाबतीत मराठी माणसाकडे एक मोठी जमेची बाजू आहे, जी आपण वापरत नाही. आपल्याकडे पडणे आणि पाडणे, तुटणे आणि तोडणे, बसणे आणि बसवणे अशा जोड्या आहेत. आपोआप होणं वेगळं आणि कुणीतरी करणं वेगळं, हे आपल्या कानाला लहानपणापासून कळतं. इंग्रजीत बहुतेक ठिकाणी दोन्हींसाठी एकच रूप असतं: ‘द ग्लास ब्रोक’ आणि ‘ही ब्रोक द ग्लास’. पण काही जुन्या जोड्या तिथेही टिकून आहेत. ‘सिट’ म्हणजे बसणे आणि ‘सेट’ मुळात बसवणे. ‘फॉल’ म्हणजे पडणे आणि ‘फेल’ म्हणजे पाडणे. झाड पाडण्यासाठी हे क्रियापद आजही वापरतात. तसंच ‘लाय’ म्हणजे पडून असणे आणि ‘ले’ म्हणजे ठेवणे. ‘राइज’ आणि ‘रेज’ यांचा घोटाळा सगळ्यात जास्त होतो. किमती स्वतः वाढतात तेव्हा ‘राइज’, कुणी वाढवतं तेव्हा ‘रेज’. वाढणे-वाढवणे ही जोडी मनात धरली की गोंधळ संपतो. वाक्य लिहिताना स्वतःला विचारायचं, मी मराठीत इथे ‘वाढलं’ म्हणेन की ‘वाढवलं’?

नामांमध्ये मुख्य प्रश्न मोजण्याचा. ‘ॲडव्हाइस’, ‘इन्फर्मेशन’, ‘फर्निचर’, ‘इक्विपमेंट’, ‘होमवर्क’ यांना इंग्रजीत अनेकवचन नाही आणि त्यांच्या आधी ‘अ’ किंवा ‘ॲन’ही लागत नाही. ‘माहिती’च्या बाबतीत आपणही ‘दोन माहित्या’ म्हणत नाही, त्यामुळे ‘इन्फर्मेशन’ पचतं. ‘दोन सल्ले’ मात्र आपण देतो, म्हणून ‘टू ॲडव्हाइसेस’ लिहिलं जातं. तिथे ‘टू पीसेस ऑफ ॲडव्हाइस’ हवं. डोक्यावरचे केस आपल्याकडे अनेकवचनी. इंग्रजीत ‘हर हेअर इज लाँग’. काही शब्द दोन्ही घरचे असतात. ‘एक्सपीरियन्स’ म्हणजे कामाचा अनुभव असेल तर तो मोजत नाहीत. आयुष्यात आलेले बरेवाईट अनुभव असतील तर ‘एक्सपीरियन्सेस’ होतात.

विशेषणांबद्दल थोडक्यात दोन गोष्टी. ‘बोअर्ड’ म्हणजे कंटाळलेला आणि ‘बोरिंग’ म्हणजे कंटाळवाणा. ‘आय ॲम बोरिंग’ म्हटलं तर आपण स्वतःलाच कंटाळवाणं ठरवतो. आणि ‘अस्लीप’, ‘अफ्रेड’, ‘अलाइव्ह’ अशी काही विशेषणं नामाच्या आधी बसत नाहीत. ‘द बेबी इज अस्लीप’ ठीक, पण नामाआधी ‘अ स्लीपिंग बेबी’.

आता सोबत्यांकडे येऊ. मला या विषयातला हा सगळ्यात रंगतदार भाग वाटतो, कारण इथे नियम सांगता येत नाही, कान तयार करावा लागतो. मराठीत भूक लागते, तहान लागते, उचकीही लागते. पण शिंक येते, झोप येते आणि जांभई देतात. एखादा मराठी शिकणारा ‘मला शिंक लागली’ म्हणाला तर त्याचा अर्थ कळतो, तरी कानाला खटकतं. का खटकतं याचं कारण आपल्याला देता येत नाही. पाऊस मुसळधार, वारा सोसाट्याचा, झोप गाढ. यांची अदलाबदल करून पाहा. इंग्रजीतही तसंच आहे. तिथे ‘हेवी रेन’, ‘स्ट्राँग विंड’, ‘थिक फॉग’, ‘डीप स्लीप’. मोठा पाऊस म्हणून ‘बिग रेन’ लिहिलं की वाचणाऱ्याला अर्थ कळतो, पण खडा लागतो.

मराठीत एकटं ‘करणे’ केवढं ओझं वाहतं पाहा. चूक करतो, गृहपाठ करतो, गुन्हा करतो, प्रगती करतो, उपकार करतो, मैत्री करतो. इंग्रजीत हेच काम वाटून दिलेलं आहे: ‘मेक अ मिस्टेक’, ‘डू होमवर्क’, ‘कमिट अ क्राइम’, ‘मेक प्रोग्रेस’, ‘डू अ फेवर’, ‘मेक फ्रेंड्स’. लक्ष आपण देतो, इंग्रजीत ते ‘पे’ करतात. आणि परीक्षेच्या बाबतीत तर अर्थच उलटा होतो. मराठीत विद्यार्थी परीक्षा देतो आणि शिक्षक ती घेतो. प्रमाण इंग्रजीत विद्यार्थी ‘टेक’ करतो आणि शिक्षक ‘गिव्ह’ करतो. ‘आय गेव्ह ॲन एग्झॅम’ असं एखाद्या विद्यार्थ्याने लिहिलं, तर दुसऱ्या देशातला वाचक त्याला शिक्षक समजू शकतो.

शब्द त्याच्या संगतीवरून ओळखावा, असं ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञ जे. आर. फर्थ यांनी १९५७ मध्ये लिहिलं, आणि ते वाक्य भाषाशास्त्रात फार प्रसिद्ध आहे. त्या काळी ही संगत तपासायला वाचन आणि स्मरण एवढीच साधनं होती. पुढे संगणक आले. अमेरिकेत १९६१ मध्ये छापलेल्या मजकुरातून प्रत्येकी सुमारे २,००० शब्दांचे ५०० उतारे निवडून ब्राउन विद्यापीठात सुमारे १० लाख शब्दांचा एक संग्रह केला गेला. अशा संग्रहाला कॉर्पस म्हणतात. नंतर बर्मिंगहॅम विद्यापीठात जॉन सिंक्लेअर यांनी त्याहून मोठ्या संग्रहावर काम केलं आणि त्यातून १९८७ मध्ये कोबिल्ड हा शब्दकोश आला. त्यात अर्थसुद्धा पूर्ण वाक्यात दिलेले होते, म्हणजे अर्थ वाचतानाच शब्दाची चौकट डोळ्यांखालून जाते.

या संग्रहांतून एक गोष्ट ठळकपणे पुढे आली, जी जुन्या शब्दकोशांत सहसा सापडत नसे. काही शब्दांना संगतीचा रंग चढलेला असतो. सिंक्लेअर यांनी दाखवलं की ‘सेट इन’ या क्रियापदाचा कर्ता बहुधा नकोसं काहीतरी असतं: कुजणं, निराशा, ऱ्हास. ‘कॉज’चा अर्थ शब्दकोशात नुसता ‘कारण होणे’ असा तटस्थ दिसतो, पण त्याच्या पुढे मुख्यतः प्रॉब्लेम, डॅमेज, पेन, डेथ असेच शब्द येतात. म्हणून ‘युअर लेटर कॉज्ड मी जॉय’ व्याकरणात बसलं तरी विचित्र वाटतं. तिथे ‘ब्रॉट मी जॉय’ हवं. आपल्याकडे ‘घोर’ हा शब्द घ्या. घोर निराशा, घोर अपमान, घोर अन्याय; ‘घोर आनंद’ कुणी म्हणत नाही. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला, ही म्हण शब्दांनाही लागू पडते. म्हणूनच समानार्थी शब्दांच्या यादीतून एखादा भारदस्त शब्द उचलून वाक्यात घालणं धोक्याचं असतं. ‘फेमस’ आणि ‘नोटोरियस’ दोघेही सर्वांना माहीत असलेले. पण पहिला नामवंत, दुसरा कुप्रसिद्ध. ‘स्लिम’ म्हणजे सडपातळ आणि ‘स्किनी’ म्हणजे हडकुळा. ‘चाइल्डलाइक’ हे कौतुक आहे, ‘चाइल्डिश’ ही तक्रार.

रंगासारखाच पोशाखही असतो. इंग्लंड १०६६ मध्ये नॉर्मंडीच्या विल्यमने जिंकलं आणि त्यानंतर बराच काळ तिथल्या दरबाराची आणि वरच्या वर्गाची भाषा फ्रेंच होती. जोडीला विद्वानांची लॅटिन होतीच. त्यामुळे इंग्रजीत एकाच गोष्टीसाठी घरगुती आणि दरबारी असे वेगवेगळे शब्द साठत गेले: ‘बिगिन’ आणि ‘कमेन्स’, ‘बाय’ आणि ‘पर्चेस’, ‘आस्क’ आणि ‘इंटेरोगेट’. हे आपल्याला परकं वाटायला नको. पाणी, जल, उदक हे तिन्ही एकच, पण तहान लागलेला माणूस ‘उदक द्या’ म्हणत नाही. मित्राला लिहिलेल्या चार ओळींत ‘आय शॅल कमेन्स माय स्टडीज’ तसंच वाटतं. आणि ‘इंटेरोगेट’ म्हणजे पोलिसी चौकशी. शिक्षकांना प्रश्न विचारला तर तो ‘आस्क’च. अवघड शब्द घातला की इंग्रजी चांगलं, हा समज मुलांच्या मनातून काढणं फार गरजेचं आहे. निम्मी अवघडलेली वाक्यं त्याच समजातून येतात.

मराठीत रुळलेले इंग्रजी शब्द ही आणखी एक निसरडी जागा, कारण ते आपल्याला येतात याची खात्री असते. तासाला आपण ‘सर, एक डाउट आहे’ म्हणतो. मनात असतं, एक गोष्ट समजली नाही, विचारायची आहे. इंग्रजीच्या भारतीय वापरात हे चालतं, पण इतरत्र ‘डाउट’ म्हणजे खरेपणाविषयीची शंका. ‘आय हॅव अ डाउट अबाउट युअर आन्सर’ ऐकणाऱ्याला वाटेल, तुमचा त्याच्या उत्तरावर विश्वास नाही. तिथे ‘क्वेश्चन’ हवा. ‘टेन्शन’चंही तसंच: ‘आय हॅव टेन्शन’ऐवजी ‘आय ॲम वरीड’. मराठीत हे शब्द मराठी झाले आहेत आणि तिथे ते अगदी बरोबर आहेत. इंग्रजी वाक्यात नेताना मात्र त्यांना नव्या शब्दासारखं तपासून पाहावं.

मग अभ्यास कसा करायचा? वहीत शब्द आणि अर्थ अशा दोन रांगा करण्याऐवजी शब्दाचा तुकडा लिहा. ‘रिलक्टंट’ नव्हे, ‘रिलक्टंट टु डू समथिंग’. ‘प्रिव्हेंट’ नव्हे, ‘प्रिव्हेंट समबडी फ्रॉम डूइंग समथिंग’. लर्नर्स डिक्शनरीत हे तुकडे बहुधा ठळक अक्षरांत तयार मिळतात. नामापुढे सी हे अक्षर असेल तर ते मोजता येतं, यू असेल तर नाही. क्रियापदापुढे टी असेल तर कर्म लागतं, आय असेल तर नाही. खुणा शब्दकोशागणिक थोड्या बदलतात, पण त्यांची यादी शब्दकोशातच दिलेली असते. त्याखालची उदाहरणं अर्थाइतकीच काळजीने वाचा. शब्दाची भावंडंही तिथेच भेटतात: ‘सक्सीड’, ‘सक्सेस’, ‘सक्सेसफुल’. ‘ही सक्सेस्ड’ अशी चूक या भावंडांची ओळख नसल्यामुळे होते, आणि ‘सक्सीड’ला ‘इन’ लागतं हेही त्याच ठिकाणी कळतं.

त्यानंतर स्वतःचं वाक्य लिहा, पण एकावर थांबू नका. तेच वाक्य भूतकाळात करा, नकारार्थी करा, कर्ता बदला, प्रश्न विचारा. ‘डिलेमा’ घेतला तर ‘धिस इज अ डिलेमा’पाशी न थांबता, कोण कशात अडकलंय ते लिहा: ‘शी फेस्ड अ डिलेमा: टेल द ट्रूथ अँड लूज अ फ्रेंड, ऑर कीप क्वाएट अँड फील गिल्टी.’ दोन्ही वाटा त्रासाच्या असल्या तरच तो ‘डिलेमा’. दोन चांगल्या रंगांतून एक निवडताना त्याला साधं ‘चॉइस’ म्हणतात. शंका आली तर तो तुकडा आंतरजालावरच्या एखाद्या कॉर्पसमध्ये शोधा. समकालीन अमेरिकन इंग्रजीचा एक संग्रह १०० कोटींहून अधिक शब्दांचा आहे. ‘डिस्कस अबाउट’ आणि नुसतं ‘डिस्कस’ यांची मोजणी शेजारी ठेवली की कोणती रचना रुळलेली आहे, हे कुणाला विचारावं लागत नाही.

आणि भेटलेला प्रत्येक शब्द वाक्यात वापरायलाच हवा असं मुळीच नाही. मातृभाषेतही आपल्याला कळणारे शब्द पुष्कळ आणि आपण वापरणारे त्यामानाने थोडे असतात. वाचताना भेटलेला नवा शब्द आधी नुसता ओळखीचा होऊ द्यावा. तीन-चार वेगवेगळ्या ठिकाणी तो दिसला, त्याच्या शेजारी कोण उभं असतं हे लक्षात आलं, की मग तो वहीत घ्यावा, त्याच्या तुकड्यासकट.